पसाभर जवारीचं लेकरू

उकंडरावाचं नाव उकंडराव कसं पडलं, ही गोष्ट त्या घरात रोज सांगावी लागायची. कधी दिवसातून एकदा, कधी चारदा. आधी मिराबाई सांगायची आणि तिची सून साधना ऐकायची. पुढं पुढं साधना सांगायला लागली आणि मिराबाई ऐकायला.

गोष्ट अशी. मिराबाईची पहिली दोन लेकरं गेली. एक सव्वा महिन्याचं असताना, दुसरं दात येता येता. तिसऱ्या खेपेला पोरगं झालं, तेव्हा तिच्या सासूनं ना साखर वाटली ना कुणाला सांगावा धाडला. पाचवी पुजून झाली तशी लेकराला फाटक्या धडप्यात गुंडाळलं, सुपात घातलं आणि गावाबाहेर नेऊन उकिरड्यावर ठेवलं. टाकून दिलेल्या जिनसाकडं मरण बघत नाही, असं जुनी माणसं मानायची. ठरल्याप्रमाणं वाटेनं एक बाई आली, तिनं लेकरू उचललं आणि म्हणाली, "मला सापडलं, माझं हाय." मिराबाईनं पसाभर जवारी तिच्या ओटीत घातली आणि स्वतःचंच लेकरू तिच्याकडून विकत घेतलं. उकिरड्याला तिकडं उकंडा म्हणतात, म्हणून नाव ठेवलं उकंडा.

"पसाभर जवारीचं हाय माझं पोरगं," मिराबाई आल्यागेल्याला सांगायची. "महाग पडलं म्हणता का?"

पोरगं जगलं. नवरा जळबा मात्र पोरगं चार वर्षांचं असताना तापानं गेला. अठ्ठाविसाव्या वर्षी मिराबाईचं कपाळ रितं झालं. हिंगोलीकडच्या गोरेगावापासून कोसभर आत त्यांचं गाव. तीन एकर रान, एक विहीर, एकराची हळद. तेवढ्यावर तिनं पोरगं वाढवलं. हळद शिजवायला लोक पूर्वी मोठी कढई लावायचे, तेव्हा दुसऱ्याच्या कढईवर जाळ घालायला जायची. हाताला हळदीचा रंग असा बसला होता की सणाच्या दिवशी नखं घासून घासून बोटं सोलायची, पण पिवळेपण जायचं नाही. साधना लग्न होऊन आली तेव्हा तिला पहिल्यांदा दिसले ते हे हात. त्या भागात सासूला मामी म्हणतात, साधनाही तेच म्हणायची. सासुरवास झालाच नाही असं नाही. मिराबाईची जीभ तिखट होती. पण भाकरी वाढताना सुनेच्या ताटात पहिली पडायची, आणि ते साधना विसरली नाही.

विसरायला लागली ती मिराबाई. आधी भाजीत दोनदा मीठ. मग एक दिवस रानातून घरी यायला निघाली ती थेट गोरेगावच्या रस्त्यानं चालत सुटली. ओळखीच्या जीपवाल्यानं आणून सोडली. "म्हातारपण हाय," सगळे म्हणाले. मिराबाईसुद्धा हसली. पण त्याच आठवड्यात चुलीपुढं बसल्या बसल्या तिनं साधनाकडं निरखून बघितलं आणि विचारलं, "तू कुणाची गं?"

"तुमचीच सून नव्हं का मी."

"व्हय का? बरी हायस दिसायला."

त्यावर उकंडराव किती तरी वेळ हसला होता. "अठरा वर्सांत पहिल्यांदा तुला बरी म्हणाली बघ," म्हणाला.

त्याच्यानंतर महिनाभरानं, पौषात, तो सकाळी हळदीला पाणी द्यायला गेला. लाइट आली, त्यानं ओल्या हातानं स्टार्टर दाबला. बेचाळीस वर्षांचा होता. चार माणसांनी उचलून त्याला अंगणात आणलं, तेव्हा मिराबाई दारात उभी राहून म्हणत होती, "अरं, सावलीत ठेवा त्याला. ऊन लागून राहिलं."

दहाव्याला गल्लीतल्या विधवा बायांनी साधनाला मधे बसवलं. दगडावर बांगड्या फोडल्या, पदरानं कुंकू पुसलं. कोपऱ्यात बसलेल्या मिराबाईनं शेजारणीला हळूच विचारलं, "कुणाचं झालं गं?" शेजारणीनं सांगितलं. मिराबाईनं जो टाहो फोडला तो अजून कित्येकांना आठवतो. आणि घटकाभरानं ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "उकंडा जेवला का? त्याला वाढा की कुणी."

साधनाच्या माहेरी रोज हरिपाठ व्हायचा. खोटं बोलू नये, हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. त्यामुळं मिराबाईनं विचारलं की ती खरं सांगायची. हात धरून, जवळ बसून, हळू आवाजात सांगायची. पण खरंच सांगायची. ज्या दिवशी मिराबाईनं चार वेळा विचारलं, त्या दिवशी चार वेळा तिचा मुलगा मेला. दर वेळी पहिल्यांदाच. दर वेळी तीच छाती बडवणं, तेच भिंतीवर डोकं आपटणं. एका दुपारी केस मोकळे सोडून ती विहिरीकडं पळाली. साधनाची मुलगी कोमल तेव्हा चौदा वर्षांची. तिनं धावत जाऊन आजीचं लुगडं धरलं आणि दोघी बांधावर पडल्या. कोमलचं कोपर सोललं. त्या सांजेला आईला ती म्हणाली, "तू सांगत जाऊ नको. माझ्यानं रोज पप्पांचं मरण बघवत न्हाई."

साधना सासूला घेऊन हिंगोलीला सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तपासलं, चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहिलं, बरं होणार नाही असं सरळ सांगितलं. तिथं एक वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी साधनाला बाकावर बसवलं.

"मुलगा गेला हे त्या विसरतात," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं की नव्यानं कळतं. जखमेवर खपली धरायला जी आठवण लागते, तीच त्यांच्याकडं नाही."

"मंग काय करू?"

"जुनी आठवण अजून शाबूत आहे, ती सांभाळा. त्यांच्या जुन्या वस्तू एका पेटीत ठेवा, हातात घेता येतील अशा. जुन्या गोष्टी त्यांच्या तोंडून काढून घ्या, मुलीला वहीत लिहायला सांगा. पुढं एक दिवस तुम्हालाच त्या सांगाव्या लागतील. सांगताना सगळं सांगू नका, मधे जागा सोडा. त्यांनी भरली की त्यांना बरं वाटतं."

"आन् पोरगा कुठं हाय म्हणल्या तर खोटं बोलू?"

सिस्टरनी मिराबाईकडं बघितलं. "त्या जिथं आहेत तिथं तुम्ही जाऊन बसा. त्यांना तुमच्याकडं ओढू नका."

येताना साधनानं वाट वाकडी करून नरसीला नामदेवाचं दर्शन घेतलं. मिराबाई पायरीवर बसून शेंगदाणे खात होती. साधना हात जोडून बराच वेळ उभी राहिली. लहानग्या नामदेवानं हट्ट धरला आणि देवाला दूध प्यावं लागलं, ही कथा तिनं शंभरदा ऐकली होती. देवाला जेवू घालणाऱ्याच्या गावात येऊन, मेलेल्या माणसाला बाजाराला पाठवायची परवानगी मागितली तर एवढं काय बिघडेल, असं तिच्या मनात आलं. देव काही बोलला नाही. नाही म्हणाला नाही, एवढं ती धरून बसली.

घरी आल्यावर पत्र्याची पेटी रिकामी केली. तिच्यात जळबाचा अडकित्ता घातला, उकंडरावाची शाळेतली फुटकी पाटी, त्याचं झबलं, कमरेचा काळा करगोटा, मिराबाईचं जुनं खुरपं, जुन्या धडप्याचा एक तुकडा, ओंजळभर हळकुंडं. भिंतीवरच्या फोटोला चंदनाचा हार होता. साधनानं स्टुलावर चढून तो काढला, पेपरात गुंडाळला आणि पेटीच्या तळाशी ठेवला. हाराशिवाय फोटोतला उकंडराव एकदम जिवंत दिसायला लागला. तिनं स्टुलावरून उतरायला वेळ लावला.

एवढं सगळं झालं आणि दुसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. मिराबाई न्याहारी करत होती. हातातला तुकडा तसाच ठेवून ती सुनेच्या तोंडाकडं बघत राहिली.

"ए पोरी, कपाळ रितं काहून?"

"आंघोळीत गेलं, मामी."

"मंग लाव की." आणि मग तिचे ओठ थरथरले. "खरं सांग. माझं पोरगं कुठं हाय?"

अडतीस वर्षं तिनं स्वतःचं कपाळ आरशात तसंच बघितलेलं. लेकाचं तोंड ती विसरली असती, पण रितं कपाळ ओळखायला तिला आठवणीची गरज नव्हती. साधना उठली. देवघरात देवीला वाहायच्या कुंकवाची डबी होती. तिच्यातलं बोटावर घेतलं. आरशात न बघताच लावलं, टिकली वाकडी उठली. तशीच ती सासूपुढं येऊन बसली.

"हे बघा. लावलं."

"वाकडं लावलंस," मिराबाई म्हणाली आणि तुकडा मोडून खायला लागली. "दळभद्री ती दळभद्रीच."

तिथून पुढं रोजचं झालं. सकाळी सासूच्या अंथरुणाजवळ जायच्या आधी साधना कुंकू लावायची. गोरेगावच्या बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या. बांगडीवाल्या काकूंना पोरीसाठी म्हणाली, पण माप स्वतःच्या हाताचं दिलं. मिराबाई विचारायची, "पोरगं कुठं हाय?" साधना म्हणायची, "हळद घेऊन हिंगोलीला गेलेत." "कवा येईल?" "येतील दिवेलागणीला." "भाकर झाकून ठेव त्याची. गार झाली की खात न्हाई तो." मग साधना खरंच एक भाकर जास्त थापायची आणि ताटाखाली झाकून ठेवायची. सकाळी ती शिळी भाकर आपणच दुधात मोडून खायची. दिवेलागणीला रस्त्यावर मोटारसायकल वाजली की तिची मान आपोआप वर व्हायची. ती आपल्याच मानेवर चिडायची.

आणि मग ती गोष्ट. मिराबाई पेटी उघडून धडप्याचा तुकडा मांडीवर पसरायची, साधना सुरू करायची. सूप आलं, उकिरडा आला, वाटेनं येणारी बाई आली, पसाभर जवारी आली. "आन् मंग लेकराचं नाव ठेवलं..." म्हणून साधना थांबायची. सिस्टरनी जागा सोडायला सांगितली होती हे खरं. पण तिथं ती असंही थांबलीच असती. नवऱ्याचं नाव तिनं उभ्या जन्मात दोनदा घेतलेलं, लग्नात उखाण्यात आणि कोमलच्या बारशाला. मिराबाई डोळे मोठे करायची आणि ठासून सांगायची, "उकंडा!" त्या एका शब्दासाठी साधना सगळी गोष्ट सांगायची. घरात दिवसभरात कुणीतरी ते नाव घ्यायचं ते तेवढंच.

कोमलनं ते सगळं वहीत उतरवलं होतं. पण तिला ते सोपं गेलं नाही. एक दिवस शाळेतून आली ती दप्तर फेकून म्हणाली, "पोरी विचारतात, तुझे पप्पा माघारी आले का गं? तुझी आई नटून राहिली म्हणं."

"तू काय सांगितलं?"

"काय सांगू? बाजारला गेलेत म्हणू?"

साधनानं दप्तर उचलून खुंटीला लावलं.

भिंतीला भिंत लागून शेषरावाचं घर. शेषराव उकंडरावाचा थोरला चुलतभाऊ, आशाबाई त्याची बायको. आशाबाई अंगणाच्या कुडावरून वाकून बघायची. "साधने, आज कोण येणार हाय संध्याकाळी? बांगड्या वाजून राहिल्या म्हणून विचारलं." साधना हातातलं काम करत राहायची. शेवटी शेषराव स्वतः आला, अंगणात उभा राहिला. साधनानं पदर पुढं ओढला.

"सूनबाई, मला कळतंय कशापायी करून राहिली ते. पर गावाला कळत न्हाई. भावकीत तोंड दाखवायला जागा ठेव."

"मामी हायेत तवर, दादा. मामीच्या माघारी पुसून टाकीन."

"आन् तवर?"

"तवर ते बाजारला गेलेत."

शेषरावानं डोक्याची टोपी काढून पुन्हा घातली आणि तो निघून गेला. तो वाईट माणूस नव्हता. उकंडरावाला उचलून आणणाऱ्या चौघांत तोही होता.

असं वर्ष होत आलं. मिराबाईतली मिराबाई थोडी थोडी कमी होत गेली. अडकित्ता कशाचा ते गेलं, जळबा गेला, खुरपं कसं धरायचं ते हाताला माहीत होतं पण कशासाठी ते नाही. माघात हळद निघाली, हळद शिजवायच्या मोठ्या कुकरमधल्या वाफेचा वास गावभर पसरला, तशी ती दोन दिवस पुन्हा माणसात आली. ढिगापुढं बसून गड्डे एकीकडं, हळकुंडं एकीकडं अशी झरझर निवडायला लागली. मजूर बाया बघत राहिल्या. "उकंडा," तिनं हाक मारली, "पोतं आण रे." साधनानं पोतं आणून दिलं. तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली.

वास गेला आणि माणसात आलेली मिराबाईही गेली. आता ती गोष्ट ऐकताना मधेच भिंतीकडं बघायची. नावाच्या जागी साधना थांबली की बराच वेळ जायचा. ओठ हलायचे. "उ..." साधना श्वास धरून बसायची. "उकंडा," कधी यायचं. कधी यायचंच नाही आणि साधना म्हणायची, "असू द्या मामी, उद्या सांगा."

वैशाखात शेषरावाच्या लेकीचं, पुनमचं लग्न ठरलं. आशाबाई आदल्या आठवड्यात आली ती हळकुंडं मागायला. त्यांच्याकडं हळद होती, पण साधनाच्या रानातली रंगाला सरस निघाली होती. साधनानं निवडून सूपभर दिली.

"हळदीला मिरामायला घेऊन ये," आशाबाई जाता जाता म्हणाली. "भावकीत थोरली तीच उरली. तू आपली मागं बस. आन् ते..." तिनं कपाळाला बोट लावलं. "तेवढ्या दिवसापुरतं. माझ्या लेकीचं शुभकार्य हाय, बाई. पाया पडते तुझ्या."

हळदीच्या दिवशी सकाळी साधनानं डबी हातात घेतली. पुसून जावं तर मामी मांडवातच विचारणार, आणि मांडवात कोण तिला खरं सांगेल याचा नेम नाही. लावून जावं तर आशाबाईचा तळतळाट. ती लावूनच गेली. पदर भुवईपर्यंत ओढला, मामीला पुढं खुर्चीवर बसवलं आणि आपण सगळ्यांच्या मागं, खांबाला टेकून बसली.

मांडवात उखळ ठेवलं होतं. दोन मुसळांना आंब्याची पानं बांधली होती. पाच सवाष्णींनी मिळून मुसळ धरायचं आणि नवरीची हळद कुटायची, अशी रीत. उखळात हळकुंडं पडली ती साधनाच्या रानातली. तिची हळद चालत होती, तिचा हात चालत नव्हता.

पहिला घाव पडला आणि वास उठला. मिराबाई खुर्चीतून उठली. कुणाला कळायच्या आत ती बायांमधून वाट काढत मागं आली, साधनाचं मनगट धरलं आणि तिला ओढत उखळापाशी घेऊन गेली. त्या हातात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. ओढाताणीत साधनाचा पदर डोक्यावरून घसरला.

"माझी सून काहून मागं बसवली?" मिराबाई म्हणाली. "सवाष्ण न्हाई का ती? धर गं मुसळ."

बायांचं गाणं थांबलं. एकीनं मुसळ सोडलं, दुसरीनं सोडलं. पुनम पाटावर बसली होती, ती रडवेली झाली. साधना हात सोडवून घ्यायला लागली. "मामी, चला. घरी चला, मामी."

"चला काय? धर म्हणते ना!"

तेव्हा आशाबाईचा तोल गेला. तीही लेकीची आई होती. शुभघडीला अवचित काहीबाही होईल ही भीती तिला सकाळपासून होती. ती ओरडली, "अगं म्हातारे, कशाची सवाष्ण? तुझा ल्योक मेला! दीड वर्स व्हायला आलं! उकंडा मेला तुझा!"

साधनानं दोन्ही हातांनी सासूला धरलं. छाती बडवायला ते हात वर जातील, डोकं उखळावर आपटेल, म्हणून तिला घट्ट कवेत घेऊन ती उभी राहिली. वर्षभर ज्या शब्दापासून तिला लपवलं तो शब्द भर मांडवात पडला होता. आता टाहो येणार. साधनानं डोळे मिटले.

टाहो आला नाही.

"कुणाचा ल्योक?" मिराबाईनं विचारलं.

आशाबाईचं तोंड उघडंच राहिलं. "तुझा," ती म्हणाली, पण आवाजातली धार गेली होती. "उकंडा."

"उकंडा." मिराबाईनं ते नाव तोंडात घोळवलं, नवा पदार्थ चाखून बघावा तसं. "अरारा. जवान व्हता का गं?"

आशाबाई मागं सरकली.

"लेकरंबाळं हायेत का त्याला मागं?"

एक म्हातारी तोंडात पदर कोंबून हुंदके द्यायला लागली. मग मिराबाईनं मान वळवली आणि आपल्याला धरून उभ्या असलेल्या बाईकडं बघितलं. साधनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दहाव्याला रडली नव्हती एवढी ती आता रडत होती. तेव्हा हिला सांभाळायचं होतं.

"तुझा कोण व्हता, बाई?" मिराबाईनं विचारलं. "नवरा व्हता व्हय?" साधनानं होय म्हणून मान हलवली.

मिराबाईनं आपल्या लुगड्याचा पदर घेतला आणि सुनेचं तोंड पुसलं. डोळे पुसले, गाल पुसले, कपाळ पुसलं. पांढऱ्या पदरावर लाल डाग उमटला तो तिला दिसला नाही.

"रडू नको. मी बी अशीच राहिले. लोक काय बी बोलतेत. आपण खुरपं धरायचं आन् खाली बघायचं. मला बी एक पोरगं..." ती थांबली. पिवळी बोटं हवेत काहीतरी शोधत राहिली. "पोरगं व्हतं का गं मला?"

शेषराव पुढं आला आणि दोघींना त्यानं मांडवाबाहेर घरापर्यंत नेऊन सोडलं. दारात तो म्हणाला, "सूनबाई, आशा बोलून गेली. लेकीच्या काळजीपायी."

"त्यांचं काय चुकलं, दादा," साधना म्हणाली. "खरंच बोलल्या."

मागं मांडवात उखळाचा आवाज पुन्हा सुरू झाला. घाव पडत होते आणि हळदीचा वास इकडं अंगणापर्यंत येत होता. दुपार झाली. मिराबाई चौकटीशी बसून होती. साधनानं तोंड धुतलं, बांगड्या एकेक करून काढल्या. त्या वेळी फोडायला बाया होत्या, आता तिनं त्या नीट दोऱ्यात ओवून खुंटीला लावल्या. कुंकवाची डबी देवघरात परत ठेवली. मग सासूसमोर येऊन बसली, पदर मागं घेतला आणि वाट बघितली.

मिराबाईनं तिच्या रित्या कपाळाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नजर काढून अंगणातल्या कोंबडीकडं वळवली.

साधनानं पेटीच्या तळातून पेपराची गुंडाळी काढली. स्टुलावर चढून हार पुन्हा फोटोला घातला. कोमल दारात उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, "आता आजी विचारणार न्हाई?"

"न्हाई."

"मंग भाकर?"

साधनाला ते सुचलं नव्हतं. ती स्टुलावरून खाली उतरली. "तिघींपुरत्या करू," ती म्हणाली.

उन्हं कलली तशी मिराबाई चुळबुळ करायला लागली. उठायची, बसायची, पदर चोळायची. काय हवं ते तिला सांगता येत नव्हतं. साधनानं धडप्याचा तुकडा आणून तिच्या मांडीवर पसरला. बोटं तुकड्यावर फिरायला लागली आणि शांत झाली.

"मामी, गोष्ट सांगू का?"

"सांग."

"एक बाई व्हती. तिची दोन लेकरं गेली."

"अरारा."

"तिसरं झालं ते सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. मरणाची नजर पडू नये म्हणून."

"उकिरड्यावर?" मिराबाई पुढं सरकली. "कुत्रं-बित्रं आलं असतं म्हणजे?"

"न्हाई आलं. एक बाई आली. तिनं उचललं, म्हणाली, मला सापडलं, माझं हाय. मंग आईनं पसाभर जवारी दिली आन् लेकरू माघारी घेतलं. आन् त्याचं नाव ठेवलं..."

साधना थांबली. सवयीनं थांबली. मिराबाई तिच्या तोंडाकडं बघत होती, गोष्टीत रमलेल्या लेकरासारखी, पुढं काय म्हणून. ओठ हलले नाहीत. मांडवातला आवाज कधीचा थांबला होता. कोमल चुलीपासून उठून दारात आली.

"काय ठेवलं?" मिराबाईनं विचारलं.

साधनानं पदर डोक्यावर घेतला.

"उकंडराव," ती म्हणाली.

"मंग? जगलं का ते?"

"बेचाळीस वर्सं जगलं, मामी."

मिराबाईनं मान डोलावली. धडप्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"पसाभर जवारीत," ती म्हणाली, "लई झालं."